चिखलातला यिर्मया आणि आमची एटीव्ही



गेल्या रविवारी मिस्सेनंतर युवक गटाची बैठक झाली. विषय एकच, पावसाळी सहल. दरवर्षी दुधनीला जाऊन बोटीत बसायचे आणि भिजलेले सामोसे खायचे, याचा मुलांना कंटाळा आला आहे. या वेळी त्यांना एटीव्ही चालवायची आहे, तीही भर चिखलात. एका ज्येष्ठ काकांनी लगेच हात वर केला. "देवाने दिलेला पैसा चिखलात घालायचा?" सगळे हसले, काकाही हसले, पण विषय तिथेच अडकला. मग कोणीतरी म्हणाले, "दादा गेल्या वर्षी जाऊन आलेत, त्यांना विचारा." मी म्हटले, लिहून सांगतो. बैठकीत मला चार वाक्ये धड बोलता येत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहेच.

माझे मत आधीच सांगून टाकतो: जावे. पण गेल्या जुलैत आम्ही जसे गेलो तसे जाऊ नये.

आम्ही पाच जण होतो, सगळे पस्तिशीच्या आसपासचे, लहानपणापासून एकाच कॅटेकिझमच्या वर्गात बसलेले. खानवेलच्या पुढे एका खासगी जागेत अशा गाड्या भाड्याने मिळत होत्या. ज्यांनी एटीव्ही पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. चार फुगीर चाके, मोटरसायकलसारखे हँडल, आणि घोड्यासारखे दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायचे. पायाने नाही, उजव्या अंगठ्याने वेग द्यायचा. टायरमध्ये हवा इतकी कमी असते की मोटारीचा टायर तेवढा बसला तर आपण पंक्चर समजू. पण त्यामुळेच तो टायर पसरतो आणि मऊ जमिनीवर गाडी तरंगल्यासारखी जाते. आपल्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. तेव्हा मऊ जमीन शोधायला लांब जावे लागत नाही.

मजा आली का? खूप आली. खोटे कशाला सांगू? पहिल्याच वळणावर तोंडावर चिखलाचा सपकारा बसला आणि महिनाभराची कारखान्यातली पाळी, गॅसचे बिल, मुलाची फी हे सगळे कुठल्या कुठे गेले. पाच बाप्ये सहावीतल्या पोरांसारखे ओरडत होते. चिखलात खेळण्यात पाप आहे असे ज्यांना वाटते त्यांनी योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय काढावा. प्रभूने थुंकीने चिखल केला आणि जन्मांध माणसाच्या डोळ्यांना लावला. शब्दाने बरे करता आले असते, पण त्याने हात चिखलात घातले. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात तर आपण सगळे मातीचेच आहोत. आपला धर्मप्रांत गोवा आणि दमणचा. तिकडे २४ जूनला सांज्यांवच्या दिवशी ख्रिस्ती तरुण डोक्यावर पानाफुलांचा मुकुट घालून विहिरीत आणि ओढ्यात उड्या मारतात. एलिझाबेथच्या उदरात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने मारलेल्या उडीची ती आठवण. गोव्यातच माशेलला देवकीकृष्ण मंदिरासमोर आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी चिखलकालो होतो. शेजारधर्माचे लोकही पावसाळ्यात चिखलात लोळून देवाचे आभार मानतात. आणि डॉन बॉस्को? तो तर दोरीवर चालून दाखवून मुलांना प्रार्थनेला बसवायचा. तेव्हा काका, खेळाला ना म्हणू नका.

आता पुढचे.

तिसऱ्या फेरीत आमच्यातला एक जण आखलेली वाट सोडून डावीकडे गेला. तिथे उतार होता आणि खाली पाणी चमकत होते. त्याला ते डबके वाटले. ते डबके नव्हते, आवणी झालेले खाचर होते. गाडी बांधावरून खाली घसरली आणि मागची चाके कमरेइतक्या गाळात रुतली. त्याने घाबरून अंगठा दाबला. हा चिखलातला सगळ्यात मोठा मूर्खपणा. चाक जागच्या जागी फिरले की ते पुढे जात नाही, खड्डा खणते. अर्ध्या मिनिटात गाडी बसण्याच्या जागेपर्यंत खाली गेली आणि इंजिन बंद पडले.

आम्ही चौघांनी काय केले? मोबाइल काढले. मी सर्वात आधी काढला. तो उतरायला गेला आणि मांडीपर्यंत रुतला, एक बूट गाळात राहिला, तोल जाऊन तो तोंडावर पडला. आम्ही पोट धरून हसत होतो आणि चित्रण चालू होते. चांगली सात-आठ मिनिटे. माझ्याकडच्या व्हिडिओची लांबी सात मिनिटे बारा सेकंद होती, म्हणून नक्की सांगू शकतो. शेवटी शेवटी तो हसत नव्हता. "अरे, ओढा की," असे तो दोनदा म्हणाला. ते व्हिडिओत स्पष्ट ऐकू येते. त्या वेळी मला ऐकू आले नाही.

त्याला बाहेर काढले ते तिथल्या एका वारली बाबांनी. शेजारच्या खाचरात तीन बाया वाकून आवणी करत होत्या आणि ते राबाच्या मुठी टाकत होते. हातातले काम टाकून ते आले. "जोर नका देऊ, अजून खाली जाईल," एवढेच बोलले. चिखलणीनंतर जमीन सपाट करायची त्यांची लाकडी फळी त्यांनी आणली, ती माणसाच्या समोर आडवी टाकली आणि तिच्यावर छाती टेकून सरकायला सांगितले. आधी माणूस काढला. मग ती फळी आणि बांधावरच्या झाडाच्या फांद्या चाकाखाली सारल्या, दोर बांधला आणि आम्हा चौघांना एका लयीत ओढायला लावले. गाडी निघाली. आम्ही बाबांबरोबर सेल्फी काढला, "थँक्यू बाबा" म्हटले आणि जेवायला गेलो. जेवताना मी तो व्हिडिओ चर्चच्या ग्रुपवर टाकला. दोनशेच्या वर माणसे आहेत त्या ग्रुपवर. हसण्याच्या चिन्हांची रांग लागली.

माझा हा मित्र त्या आठवड्यात ग्रुपमधून बाहेर पडला. पुढच्या रविवारी गायनवृंदात नव्हता. त्याच्या पुढच्याही नव्हता. तो खालच्या पट्टीत गातो, त्यामुळे त्याची गैरहजेरी सगळ्या चर्चला ऐकू येते. मला वाटले पाळी बदलली असेल. नंतर कळले की जूनमध्येच त्याची नोकरी गेली होती. त्याने आम्हाला सांगितले नव्हते, आणि तरी वर्गणी काढून आमच्याबरोबर आला होता.

१७ ऑगस्टला सामान्यकाळातला विसावा रविवार होता आणि पहिले वाचन माझ्याकडे होते: यिर्मया, अध्याय ३८. शनिवारी रात्री सराव करायला बसलो. यरुशलेमला वेढा पडला आहे. यिर्मया खरे बोलतो, त्यामुळे सैनिकांचे हात गळतात असे सरदारांचे म्हणणे. सिद्कीया राजा हात झटकतो. सरदार संदेष्ट्याला पहाऱ्याच्या चौकातल्या एका हौदात दोरांनी सोडतात. हौदात पाणी नाही, नुसता चिखल आहे, आणि यिर्मया त्यात रुततो. मी मोठ्याने वाचत होतो आणि 'रुततो' या शब्दापाशी माझा आवाज बसला. बायकोने आतून विचारले, काय झाले? काही नाही म्हटले.

मिस्सेतले वाचन दहाव्या ओवीवर थांबते. एबद-मलेख नावाचा राजवाड्यातला कूशी सेवक राजाकडे जाऊन सांगतो की तो माणूस तिथे मरेल, आणि राजा त्याला माणसे घेऊन जायला परवानगी देतो. इथे आपण 'हा प्रभूचा शब्द' म्हणून खाली बसतो. पण अकरावी आणि बारावी ओवी घरी जाऊन वाचा. मला तर वाटते, सगळ्या गोष्टीचा जीव तिथेच आहे. एबद-मलेख थेट हौदावर जात नाही. आधी तो राजवाड्यात खजिन्याच्या खालच्या खोलीत जातो आणि जुने फाटके कपडे, चिंध्या गोळा करतो. त्या दोरांनी खाली सोडतो आणि यिर्मयाला सांगतो की या काखेत घाल, दोराखाली. मग ओढतो.

किती साधी गोष्ट! पण विचार करा. शहरात भाकरी संपलेली, शत्रू तटाबाहेर, सरदारांचा राग ओढवण्याचा धोका, आणि या परक्या माणसाला सुचते ते काय, तर उपाशी म्हाताऱ्याच्या कातडीला दोर काचेल. यिर्मयाला खाली सोडायला दोर पुरला होता. वर काढायला दोर आणि चिंध्या लागल्या. एबद-मलेख या नावाचा अर्थच 'राजाचा सेवक', त्यामुळे त्याचे आईने ठेवलेले नाव काय होते हेही आपल्याला कळत नाही. पुढच्या अध्यायात, यरुशलेम पडते तेव्हा, देव मात्र त्याला विसरत नाही. त्याचा जीव वाचेल असा निरोप यिर्मयाकडूनच त्याला जातो.

खाचरातल्या त्या बाबांचे नाव मी विचारले नव्हते. आणि माझ्या मित्राला वर काढताना दोर त्याला कुठे काचला तेही पाहिले नव्हते. उलट तो काच मी दोनशे जणांना दाखवला होता.

सोमवारी त्याच्या घरी गेलो. माफी मागितली, बरी मागता आली नाही. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "व्हिडिओचं सोड. त्या बांधाचं काय झालं असेल?" मला आधी कळलेच नाही. कोणता बांध? तो म्हणाला, "मी ज्याच्यावरून गेलो तो. पाणी जात होतं त्यातून. मी खाली पडलेलो, मला दिसत होतं."

भातशेती ज्यांनी केली नाही त्यांना हे सांगायला हवे. खाचराचा बांध म्हणजे नुसती पायवाट नव्हे. तो पाणी धरतो. आवणी झाल्यावर रोप मूळ धरेपर्यंत आठ-दहा दिवस पाणी खाचरात उभे राहावे लागते. बांध फुटला की पाणी खालच्या शेतात जाते, माती उघडी पडते, ऊन पडले तर भेगाळते, आणि आधी राब भाजून, मग पेरून, मग खणणी करून, मग वाकून एकेक काडी लावलेली रोपे कलतात. आमची सात मिनिटांची करमणूक चालू असताना त्या बाईंचे पाणी वाहून जात होते आणि त्यांचाच माणूस आमची गाडी काढत होता.

आम्ही दोघे पुढच्या शनिवारी गेलो. नाव विचारत विचारत घर सापडले. बाबांना राग नव्हता. म्हणाले, त्याच दुपारी बांध घातला, दोन दिवस खाचर कोरडे राहिले, मग पाऊस आला म्हणून निभावले. मी पाकीट काढले तर ते नको नको करू लागले. त्यांच्या घरच्या बाई मात्र दारातून म्हणाल्या, "घ्या की. एका कोपऱ्यात परत लावलं, दोन बायांची मजुरी गेली." आणि नेमका आकडा सांगितला. मला त्या बाई फार आवडल्या. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात नियम आहे: तुझे जनावर दुसऱ्याच्या शेतात शिरून चरले तर तुझ्या शेतातल्या उत्तम पिकातून भरपाई दे. जनावराच्या जागी चार चाके आली म्हणून नियम बदलत नाही. पैसे मित्राने दिले, मला देऊ दिले नाहीत. नोकरी नसताना.

तर काकांच्या प्रश्नाकडे परत येतो. पैसा चिखलात घालायचा का? आमच्या वीस मिनिटांच्या फेरीचे भाडे त्या बाईंच्या दिवसभराच्या मजुरीपेक्षा जास्त होते, हे खरे आहे आणि ते टोचते. पण सहल रद्द केल्याने त्यांना एक रुपयाही मिळणार नाही. एका ताईंनी सुचवले की मुलांना एक दिवस आवणीला न्यावे, म्हणजे कष्ट कळतील. हेतू चांगला आहे, पण मला पटत नाही. आपली मुले रोपे तुडवतील, फोटो काढतील, आणि यजमानांना चहा करत बसावे लागेल. कोणाचे पोटाचे काम हा आपला तास नव्हे.

त्यापेक्षा नीट खेळावे. मी आणि मित्राने मिळून काही गोष्टी ठरवल्या आहेत, त्या ऐका. आधी वाट पायी चालून बघायची, काठी घेऊन. पाणी किती खोल आहे हे काठी सांगते, आणि पलीकडे कोणाचे खाचर आहे हे डोळे सांगतात. जागेचा मालक म्हणेल 'कुठेही जा', तरी बांध दिसला की तिथे आपली हद्द संपली. गाडी ओढ्यात धुवायची नाही. इंजिनाचे तेल पाण्यावर तरंगत खाली जाते आणि खाली कोणीतरी भांडी घासत असते. गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेण्यास बंदी आहे ती अशाच कारणांनी. जमीन रिकामी दिसते, रिकामी नसते.

सोळा वर्षांखालच्या कोणीही मोठ्या माणसाची एटीव्ही चालवायची नाही. यावर मी वाद घालणार नाही, आईबाबांनी फोन करू नयेत. ही गाडी अडीच-तीनशे किलोपर्यंत असते. तिला वळवताना शरीर झुकवून तोल सांभाळावा लागतो, आणि उलटली तर ती माणसावर येते. १९७० मध्ये होंडाने अमेरिकेत तीन चाकांची अशी गाडी आणली, ती इतकी उलटायची की १९८८ मध्ये तिथल्या सरकारशी करार करून कंपन्यांना तीनचाकीची विक्री थांबवावी लागली. चौथ्या चाकाने धोका कमी झाला, संपला नाही. एकाच्या गाडीवर दोघांनी बसायचे नाही, कितीही जवळची मैत्री असली तरी. हेल्मेट सगळ्यांना, पट्टा लावून. आणि या गाड्या डांबरी रस्त्यासाठी नाहीत. चहाच्या टपरीपर्यंतसुद्धा नाही.

पायाला जखम असेल तर यायचे, पण चिखलात उतरायचे नाही. वलसाड, नवसारी, सुरत या पट्ट्यातल्या भातशेतीत लेप्टोस्पायरोसिस दर पावसाळ्यात माणसे आजारी पाडतो. उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातला जंतू चिखलात असतो आणि कातडीवरच्या छोट्या चिरेतून आत जातो. ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे काही पुढच्या दोन-तीन आठवड्यांत वाटले तर डॉक्टरांना 'चिखलात गेलो होतो' हे आपणहून सांगायचे. तेवढ्या एका वाक्याने निदान लवकर होते. (आवणी करणाऱ्या बायांना हे वाक्य सांगावे लागत नाही, त्या रोजच तिथे असतात. त्यांच्या पायांत बूट नसतात, हे मात्र लक्षात राहू द्या.)

आणि मोबाइल. कोणी रुतला तर आधी दोर, नंतर फोटो, आणि तोही त्याला विचारून. मुले म्हणतील दादा म्हातारे झाले. होऊ दे.

सहल दुसऱ्या शनिवारी, सकाळच्या मिस्सेनंतर. आतापर्यंत चौदा नावे आली आहेत. माझा मित्र येतोय. चर्चच्या ग्रुपवर तो अजून परतलेला नाही, पण नाताळपासून पुन्हा गातोय, आणि दोर ओढायचे काम त्याने स्वतःकडे घेतले आहे. खानवेलच्या बाबांनी त्यांची फळी देतो म्हटले आहे, त्यांचे भाडे युवक गटाच्या वर्गणीतून जाईल, आणि ते किती हे त्यांच्या घरच्या बाई ठरवतील.

जुन्या चादरी, फाटके टॉवेल, वापरात नसलेले सुती कपडे ज्यांच्याकडे असतील त्यांनी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सॅक्रिस्टीच्या मागच्या खोलीत आणून ठेवावेत. धुतलेले असले तर बरे.